आठ दिवसांचं दूध

जालना,
ता. १८ नोव्हेंबर

अक्का, तुला अन् भागवत दाजींना शालूचा नमस्कार. हरिओमला दात आले का? धरून उभा राहतो का?

फोन दोनदा लावला अन् तू उचलायच्या आत कट केला. तोंडातून निघंना. म्हणून लिहून राह्यले. अक्षराला हसू नको.

ते डबे तू बघितलेस. प्रांजलीचे पप्पा भंगाराच्या गोडाऊनातून जुनी घड्याळं, मीटरं आणायचे. पितळ येगळं करायला आकड्यांवरचा रंग मी ब्लेडनं खरडायची, बोट थुंकीनं वलं करून पुसायची. अंधाऱ्या कोनाड्यात डब्यांतला तो भुगा चमकायचा. तूच म्हणलीस, "शालू, काजवे पाळलेस का गं?"

दिवाळीच्या आधी सरकारी माणसं टकटक वाजणारं मशीन घिऊन आली. डबे नेले, मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण म्हणली, ते रेडियम हाय. पोटात गेलं की हाडाला वाटतं कॅल्शियमच आलं, अन् हाड त्याला घरात घेतं. मी म्हणलं, "मंग काढा की. खर्चा करू." ती म्हणली, "हाडात बसलेलं निघत नाही." कधी सरंल इचारलं, तर म्हणली, सोळाशे वर्षांनी निम्मं. अक्का, मला शंभराच्या पुढं धड मोजता येत न्हाई.

आईनं डिंकाचे लाडू धाडलेत, बाळंतिणीची हाडं भरायला. तसेच पडलेत.

प्रांजलीला अंगावरून तोडलं. ते दुधातबी उतरतं म्हणे. किती, ते डॉक्टरणीलाबी सांगता येईना. पोरगी पदर ओढती, मी पाठ करून बसते.

अक्का, भादव्यात लक्ष्म्यांच्या सणाला तू माझ्याकडं आल्तीस अन् तापानं पडलीस. तुझं दूध आटलं. हरिओम बाटली तोंडात घीना. आठ दिवस मी पाजलं त्याला. दाजी हसले, "दोन आयांचं पोरगं, वळू होईल बघा!"

तवाबी मी खरडतच व्हते. तो रडला की हात पदराला पुसून त्याला घ्यायचे.

डॉक्टरणीनं इचारलं, "आणखी कोणाला पाजलंस का?" मी मान हलवली, न्हाई म्हणून. का, ते मलाच कळंना. उद्या जाऊन खरं सांगते. तू त्याला घिऊन जल्दी ये. दाजींना तूच सांग, माझ्यानं व्हणार न्हाई. मला पाहिजे तेवढ्या शिव्या दे, पण ये.

आलीस तर त्याला माझ्या मांडीवर देऊ नको. तो सवयीनं पदर शोधंल.

तुझी बहीण,
अन् हरिओमची कोण, ते आता तूच ठरव,
शालू