कोनाड्यातली वाटी

आई, माझ्या सुनेनं फ्रिजच्या दाराला आठवड्याच्या जेवणाचा तक्ता चिकटवलाय. सोमवारी हे, मंगळवारी ते, आणि गुरुवारच्या रकान्यात 'उरलंसुरलं'. मला म्हणाली, "आई, यानं केवढं वाचतं बघा, टेन्शनच नाही." मी म्हटलं, "छान आहे हो." मनात मात्र हसू आवरेना. उरलंसुरलं म्हणे एकच दिवस! तुझा तर अख्खा आठवडा आदल्या दिवशीच्या उरलेल्यावर उभा असायचा, आणि तरी आपण शिळं खातोय असं कधी कुणाला वाटलं नाही. तिला हे सांगायला लागले आणि सांगता सांगता कोनाड्यातल्या वाटीपाशी येऊन थांबले. ते काही तिला सांगता आलं नाही. म्हणून तुला लिहितेय.

कोपरखैरण्याच्या बोनकोडे गावातली ती खोली आठवते ना? मराठवाड्यातून आल्यावर आपल्याला मिळालेलं पहिलं स्वतंत्र दार. बाबा तुर्भ्याच्या कारखान्यात लागलेले, मी शाळेत, धाकटा अजून तुझ्या कडेवर. शनिवारी संध्याकाळी बाजार उठता उठता तू जायचीस, कारण तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते आणि तुला नसते. घरी आल्यावर पिशवी जमिनीवर ओतायचीस, भाजीकडे बघत थोडा वेळ नुसती बसून राहायचीस. बाबा विचारायचे, "काय, देवाला कौल लावतीस का?" तू म्हणायचीस, "आठवडा मांडतेय. गप बसा." मेथीची पानं सोमवारी, देठं मंगळवारच्या वरणात. कोथिंबिरीच्या काड्या ठेच्यात. सोमवारचं वरण मुद्दाम जास्त, कारण त्याच्या वरच्या पाण्याला येसर, आपली भाजलेल्या धान्या-मसाल्यांची मराठवाडी पूड, लावून दुसऱ्या दिवशी अशी झणझणीत आमटी व्हायची की बाबा भुरके मारताना शेजारी ऐकू जायचं. उरलेल्या भाकरीचे कुटके फोडणीत परतून वर कांद्याची पात. बुधवारी हुलग्याचे शेंगोळे, कारण आठवड्याच्या मध्यावर पोटात काहीतरी जड पडलं की माणूस शनिवारपर्यंत तग धरतो, असं तुझं शास्त्र. रॉकेल वाचवायला डाळ अर्धीमुर्धी शिजली की पातेलं स्टोवरून उतरवून गोधडीत गुंडाळायचीस. मी शाळेतून आले की गोधडीत पातेलं असायचं आणि पातेल्याशेजारी धाकटा, दोघंही गरम. तुझ्याइतक्या तोऱ्यात काटकसर करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. "आपल्याला परवडत नाही" हे वाक्य तुझ्या तोंडून कधी आलं नाही. "आज त्याचा वार नाही," एवढंच तू म्हणायचीस.

फक्त रविवार तू मांडायची नाहीस. रविवारी घरमालकीण आजी खाडीची मासळी करायची. कोलंबी नाहीतर बोईट. मासळी आली की शेजारीपाजारी वाटायची, ही तिच्याकडची रीत. शेतं गेली, मिठागरं गेली, पण वाटायची सवय काही गेली नव्हती. आपल्याकडं कालवण यायचं ते जर्मनच्या एका वाटीतून. काठाला पोचा असलेली वाटी. आणि तुझी रीत अशी की भांडं कुणाचंही असो, आपल्या घरातून रिकामं जायचं नाही. त्यामुळे रविवारी संध्याकाळी तू आठवड्यातलं काहीतरी आधीच करायला घ्यायचीस, आणि वाटी भरून मला आजीच्या ओसरीवर पाठवायचीस. आजी म्हणायची, "ठेव गो तितं." मी कठड्यावर ठेवून परत यायची.

खोली बघायला गेलो होतो तो दिवस मला लख्ख आठवतो. आजीनं विचारलं होतं, "कोन गो तुमी?" तू पदर सारखा करून एका शब्दात सांगितलंस, "बौद्ध." ती खांबाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "भारा वेलेवर द्याचा." तू म्हणालीस, "वेळेआधी देऊ." खोली मिळाली, भाडं वेळेआधी गेलं, बोलणंचालणं चांगलं झालं. तू तिला मावशी म्हणायला लागलीस, ती तुला पोरी. तेव्हा मला वाटलं, इथं ते नाही. गावाकडचं ते विहिरीपाशी थांबणं, ओंजळीत वरून पाणी घेणं, ते आपण एसटीत बसलो तेव्हाच मागं राहिलं.

मग एका सोमवारी मी कोंबड्यांच्या खुराड्यामागं लपाछपी खेळत होते. खुराड्याशेजारच्या पाटीत आपले शेंगोळे. बुधवारचे, माझ्या आवडीचे, तू रविवारी मुद्दाम केलेले. कोंबड्या टोचून टोचून खात होत्या. आणि ओसरीच्या बाहेरच्या कोनाड्यात ती वाटी, उपडी घातलेली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ती वाटी घरात कधी जातच नव्हती. आजीची बाकीची भांडी आत मांडणीवर, आणि आपल्यासाठीची वाटी बाहेर. मी धावत घरी आले. रडत नव्हते, चिडले होते. आदल्या रात्री माझ्या ताटात शेंगोळे कमी पडले होते आणि तू म्हणाली होतीस, "वाटीत गेलेत, आता भाकरी खा." माझ्या वाटणीचं कोंबड्या खात होत्या.

तू भाकरी थापत होतीस. मी सगळं सांगितलं. तुझा हात थांबला नाही, पण भाकरी तव्यावर टाकताना तुटली. तुझी भाकरी तुटलेली मी आयुष्यात त्या एकाच वेळी पाहिली. बाबा बाजेवर होते. ते उठून बसले. "बास झालं," म्हणाले. "पुढच्या खेपेला कालवण घ्यायचंच न्हाई. सांग, आमाला नको."

तू तुटलेली भाकरी तशीच भाजलीस, बाबांच्या ताटात वाढलीस आणि बोललीस. ते बोलणं मला पाठ आहे. "घेतलं न्हाई तर म्हणंल, माज चढलाय. घेऊन परत दिलं न्हाई तर म्हणंल, लाचार हायेत. आपण घेऊ बी आन देऊ बी. माझ्या घरातनं भांडं रिकामं जात न्हाई, म्हणून मी भरते. तिनं ते कुणाला घालायचं, ती तिच्या घरची रीत. तिच्या रीतीसाठी मी माझी मोडू का?"

"अगं पण आपल्या पोरांच्या तोंडचं..." बाबा म्हणाले.

"पोरांच्या न्हाई. हितनं पुढं माझ्या वाटणीचं जाईल."

आणि तसंच गेलं, आई. किती रविवार ते मी मोजले नाहीत, पण ते पावसाळ्यापासून थंडीपर्यंत चाललं. वाटीत घालायचं ते तू कधी हलकं केलं नाहीस. कोंबड्यांनाच जायचंय म्हणून एखादी बाई पाणचट आमटी पाठवेल. तू वर लसणाची फोडणी द्यायचीस. तुला राग नव्हता असं मी म्हणणार नाही. भांडी घासताना तू जी आदळआपट करायचीस ती मी ऐकलीय. पण वाटी भरताना तुझा हात शांत असायचा. मी नाक मुरडलं की म्हणायचीस, "बघ जरा त्या कोंबड्या. कशा गुबगुबीत झाल्यात. मराठवाड्याचं अन्न हाय, लागणारच!" मला मात्र हसू यायचं नाही. मला वाटायचं, तू हरतेयस. तू हरलीस तर आपण सगळेच कायमचे बाहेरच्या कोनाड्यात, असं त्या वयात मला वाटायचं, आणि ते काही फार चूक नव्हतं.

थंडीत आजीला हिवताप झाला. मुलगा कामानिमित्त उरणला, सून बाळंतपणाला माहेरी. आजी ओसरीवर वाकळ पांघरून पडलेली. शेजारच्या बायकांनी पेज आणून ठेवलेली, तिला आजी शिवलीही नव्हती. तोंडाला चव नाही म्हणत होती. त्या दिवशी रविवार नव्हता. मंगळवार, मेथीच्या देठांचा. पण तू सकाळीच हुलगे भाजायला घेतलेस आणि सगळं घर त्या वासानं भरलं. जात्यावर भरडून, ताक-लसूण लावून माडगं केलंस. मग तू आजीच्या ओसरीवर गेलीस, मला बरोबर घेऊन, आणि आजीच्या देखत कोनाड्यातून ती पोचा पडलेली वाटी काढलीस. पदरानं पुसलीस. माडगं ओतलंस. वाफ निघत होती. आणि तिच्यासमोर उभं राहून, आवाज जराही न चढवता, विचारलंस, "मावशी, माडगं आणलंय. तुमी घेता, का कोंबड्यांना घालू?"

मला वाटलं, आता खोली गेली. बाबांना संध्याकाळी काय सांगायचं? आजी तुझ्याकडे बघत राहिली. तापानं तिचे डोळे लाल होते, पण तिला ऐकू नीट आलं होतं. तिनं माझ्याकडंही पाहिलं, म्हणजे चहाडी कुणी केली तेही तिला कळलं. मग वाकळीतून हात बाहेर काढला.

"हान इकरं," ती म्हणाली.

पहिला घोट घेतला, दुसरा घेतला. अर्धी वाटी संपल्यावर थांबून म्हणाली, "तरीच कोंबऱ्या माजल्या गो माज्या!"

तू हसलीस. आधी गालात, मग मोठ्यानं. तीही हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. तू तिच्या पाठीवर हात फिरवलास आणि तिनं फिरवू दिला. माफी कुणी मागितली नाही. तिला मागता आली नसती, आणि तू घेतली नसतीस. त्यानंतरच्या रविवारी मी वाटी घेऊन गेले तेव्हा कोनाड्यात पणती होती. आजी चुलीपाशी बसलेली. म्हणाली, "आत ये. मांडनीवर ठेव." मी उंबरा ओलांडून वाटी मांडणीवर, तिच्या कल्हईच्या भांड्यांच्या रांगेत ठेवली, आणि घरी येताना अशी पळाले की चप्पल तिथंच राहिली. तुला सांगितलं. तू म्हणालीस, "बरं. जा, चप्पल घेऊन ये." एवढंच. पण त्या दिवशी तू शेंगोळे माझ्या ताटात वाढलेस आणि स्वतःच्याही.

पुढची वर्षं तशी सोपी गेली. रविवारी कालवण यायचं, शेंगोळे जायचे, आणि आजी ठेच्याला नावं ठेवत ठेवत दोनदा घ्यायची. ती तुझ्याकडून गोधडीत डाळ शिजवायला शिकली आणि गावात सांगत फिरली की ही तिचीच युक्ती. तू मला डोळ्यांनीच सांगितलंस, सांगू दे.

आणि मग तू गेलीस. माझं लग्न होऊन फार काळ लोटला नव्हता, धाकटा अजून शिकत होता. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही, तुला ते माहीतच आहे. एवढंच सांगते की त्या दिवशी आपल्या घरात स्टो पेटला नाही. संध्याकाळी दारात आजी उभी. एका हातात भाकऱ्यांचं फडकं, दुसऱ्या हातात ती वाटी, तिच्यात पिठलं. कडू घास घेऊन ती आली होती. आपले नातेवाईक गावाहून पोचायचे होते, त्यांच्या आधी ती पोचली. भाकरी तांदळाची होती, पण पिठल्यात येसर होता. कुठून आणला देव जाणे. तिनं बाबांना वाढलं, मला वाढलं, धाकट्याला भरवलं. मग आपल्या घरातल्या परातीत स्वतःसाठी भाकरी घेतली आणि आमच्यात मांडी घालून बसली. "ती गेली तर मी काय उपाशी नीजू?" असं रागानं म्हणाली आणि जेवता जेवता रडली. मी तुझ्यासाठी पहिल्यांदा रडले ते तिच्याबरोबर.

आता तिथं तिच्या नातवानं बांधलेली बिल्डिंग आहे. खुराडं होतं तिथं गाड्या लागतात. मी कोपरखैरण्यातच राहते, आठवडा मांडते, देठं फेकत नाही. सून चिडवते, "आई, कोथिंबिरीच्या काड्यांना आपण पेन्शन देऊया." देऊ दे. मला तुझं काही चुकलं असं वाटत नाही. इतक्या वर्षांनी मागं वळून बघते तेव्हा वाटतं, एका खोलीतून, पदरानं पुसलेल्या एका वाटीनिशी, तू जे मिळवलंस ते पुढं आम्हाला शिकूनसवरून, नोकऱ्या करूनही दर वेळी मिळालं नाही.

फक्त एक राहिलंय. तुझं सगळं पार पडल्यावर मी ती वाटी माझ्या घरी घेऊन आले, आणि काही दिवसांनी आजी तिथं आली. चहा घेतला. जाताना म्हणाली, "माजी वाटी हाय गो तुज्याकरं." मी म्हटलं, "शोधते आजी, सापडत नाही." वाटी माझ्या मागं फळीवर होती, पोचा पुढं करून. आजी माझ्या खांद्यावरून तिच्याकडंच बघत होती. म्हणाली, "बरा. सापरली की दे." आणि काठी टेकत निघून गेली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही. मग तीही गेली.

मला ती रिकामी देववेना, आई. आणि भरून दिली असती तर तुमच्या दोघींचं देणंघेणं तिथंच पुरं झालं असतं. तुझ्या घरातून भांडं रिकामं गेलं नाही कधी. माझ्या घरातून हे एक गेलंच नाही. परवा सुनेनं त्यात मीठ भरलं. मी ती तशीच भरलेली फळीवर ठेवली, पोचा पुढं करून.