चौदा नंबरची जोडी

८ डिसेंबर

एकतिसावी! गेल्या मार्चमध्ये देशात पहिली आलेली आमची हेल्का आज एकतिसावी. मी तिच्या स्की उचलायला शेवटच्या रेषेपाशी उभा होतो. तिचं नाव पुकारलं तेव्हा खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागलो. माझ्या बुटांना नाडी नाही — चेन आहे.

हेल्का धापा टाकत म्हणाली, "तौनो, डावा पाय माझा नाहीच असं वाटतं. ढकलते, पण तो तिथंच बसून राहतो."

"जोडी तीच आहे, चौदा नंबरची. जिच्यावर जिंकलीस ती. स्कीत काही खोट नाही," मी म्हणालो. "मनाचे खेळ आहेत."

तीस वर्षं स्कीला मेण लावतोय. एवढं ठासून बोलायचा हक्क आहेच मला.

१४ डिसेंबर

डॉक्टरांनी डावा पाय तपासला. ठणठणीत!

२० डिसेंबर

पेट्रोलपंपावरच्या कॉफीच्या टेबलावर आज एकच विषय. वेइक्को म्हणाला, "गेल्या वर्षी घोडीसारखी पळत होती. औषधं संपलेली दिसतात!" सगळे खिदळले. या देशाचं स्कीमध्ये उत्तेजक औषधांवरून एकदा दुधानं तोंड पोळलंय, तेव्हापासून लोक ताकही फुंकून पितात. मी कॉफी ढवळत राहिलो. खरं लिहायचं तर थोडा हसलोसुद्धा. लाज वाटली ती घरी पोचल्यावर. माझी लाज हेल्कापेक्षाही उशिरा येते.

२ जानेवारी

तपासणीवाले पहाटे सहाला हेल्काकडे. नाताळपासून तिसऱ्यांदा. तिच्या आईनं त्यांना कॉफी आणि वेलदोड्याचा पाव दिला. हेल्का म्हणाली, "माझं रक्त तेवढं सगळीकडे वेळेवर पोचतं." ती हसली, पण हातातल्या पावाचा नुसता चुरा केला. एकोणीस तारखेला निवडीची शर्यत. पहिल्या चौघी जागतिक स्पर्धेला जाणार. ही हुकली तर लोक म्हणणार, बघा, औषधांशिवाय एवढीच होती ती.

६ जानेवारी

माझी बायको सिर्का पुन्हा मागे लागली. "चष्मा घे, तौनो. काल मांजर टोपी समजून उचललंस."

"मेणवाल्याचे डोळे बोटांत असतात," मी सुनावलं. काय वाक्य होतं! स्वतःवरच खूश होऊन दोनदा म्हणालो.

११ जानेवारी

बोटांत डोळे म्हणे. तोंडात शेण घालावं कुणीतरी माझ्या.

चौदा नंबरच्या स्की एकेक करून सपाट फळीवर सारख्याच वजनानं दाबल्या, खालून कागदाची पट्टी सरकवली. डावीखाली अडली. उजवीखाली अडेना. दोघींचा ताठपणा वेगळा, म्हणून डावी बर्फाला चिकटत होती! चार वेळा करून पाहिलं. शेवटी सिर्काचा गुलाबी चष्मा नाकावर चढवला आणि कारखान्याचा बारीक छापील आकडा वाचला. जुळेना. उजवी चौदाची, डावी पंधराची. डावीच्या टोकाला टवकासुद्धा आहे — दोन वर्षांपूर्वी वाफेच्या न्हाणीच्या, सौनाच्या पायरीवर मीच पाडली होती ती पंधराची स्की.

मे महिन्यात मी सगळे जुने नंबर पुसून तेच नव्यानं घातले. त्या दिवशी सौना झाला होता, तीन बियर झाल्या होत्या, आणि चष्मा अर्थातच नव्हता. पोरीचा पाय डॉक्टरांकडे, रक्त प्रयोगशाळेत, अब्रू पेट्रोलपंपावर — आणि चूक माझ्या खोलीत खुंटीला टांगलेली!

जोड्या नीट लावल्या. नंबर बदलले. कुणाला सांगितलं नाही.

१२ जानेवारी

सांगितलं नाही.

१३ जानेवारी

आज सांगणार होतो. ती आनंदात दिसली, म्हणून राहिलं. उद्या ती दुःखी दिसेल तेव्हाही राहीलच.

१९ जानेवारी

पहिली!! दुसरीपेक्षा अठ्ठावीस सेकंद पुढे! शेवटच्या चढावर नुसती उडत होती. "तौनो, पाय परत आला!" म्हणून ओरडली. मी भर बर्फात रडलो. गालावर गोठलं.

दुपारी पंपावर गेलो. वेइक्कोनं टेबलावर थाप मारली. "काय म्हणालो होतो? पुन्हा चालू केलं तिनं!"

या वेळी उठून उभा राहिलो. सगळं सांगितलं. टवका, बियर, गुलाबी चष्मा, सगळं. मग वेइक्को हळूच म्हणाला, "माणूस असावा तर असा. पोरीसाठी स्वतःला आंधळा म्हणवून घेतोय."

तिथून थेट हेल्काकडे गेलो. ती चिडेल, हाकलून देईल, अशी तयारी होती. ऐकून घेतलं तिनं.

"म्हणजे स्कीमुळेच? नक्की?"

"नक्की."

"दुसरं काहीच नसेल?"

"दुसरं काय असणार! मीच गाढव."

गळ्यात पडून रडली बिचारी. "पेपरात सांगशील हे?"

सांगीन म्हणालो. एवढं तरी देणं लागतोच तिचं.

२५ जानेवारी

पेपरात छापून आलं. माझा फोटो — गुलाबी चष्म्यासकट! वेइक्को स्वतः हेल्काच्या आईकडे जाऊन माफी मागून आला. पंपावर आता मला "डोळस" म्हणतात. म्हणू देत. हेल्काचं नाव धुतलं गेलं. इतकं हलकं कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं. सिर्कानं डोळे तपासायला नेलंच शेवटी.

२९ जानेवारी

माझा चष्मा आला. पोरासारखा दिसेल ते वाचत सुटलो. मेणाच्या डब्या, जुनी कॅलेंडरं, मग भिंतीवरचा फोटो: हेल्का देशात पहिली आली तो, गेल्या मार्चचा. चौदा नंबरची जोडी छातीशी धरलेली.

डावीच्या टोकाला टवका आहे.

मार्चमध्ये. नंबर मी पुसले मे महिन्यात. म्हणजे जोडी तेव्हाही चुकलेलीच होती — आणि तिच्यावरच ती जिंकली.

चष्मा काढून ठेवला.