दाराखालची चादर

सोलापूर, १२ मे, संध्याकाळ

विजेचं बिल एकदम दुप्पट आलं. आमच्या खोलीत एसी बसून महिना झालाय, पण ह्यांनी गुन्हेगार ठरवला तो सासऱ्यांचा जुना कूलर. "आप्पा, लई वीज खातोय हा," म्हणत वायरच काढून नेली.

"मीबी दोनदा जेवतोय की. ते कधी बंद करतोस?" आप्पा म्हणाले.

दुपारी आप्पा आमच्या बंद दाराबाहेर फरशीवर आडवे झाले, तोंड दाराखालच्या फटीशी. तिथून गार हवा येते ना! ह्यांनी आतून फटीत चादर कोंबली. "गारवा वाया जातोय."

मी कूस बदलली.

चादर आप्पांनीच विणलेली, आमच्या लग्नाची भेट. वीण अजून घट्ट आहे. छान झोप लागली.