दुपट्ट्याखालचा भाव

भाव बोटांनी सांगायला हात मी पुढे केला होता, बाबा, आणि दलालानेही सवयीने खांद्यावरचा दुपट्टा काढून मध्ये धरला होता. मग त्याच्या काही लक्षात आलं. त्याने दुपट्टा परत खांद्यावर टाकला. "बाईमाणसाचा हात कसा धरू, ताई? तुमी तोंडानंच सांगा." मी सांगितलं. पलीकडच्या खोलीत भाऊ बसला होता आणि मधला दरवाजा उघडा होता.

तुमच्या वावरातला माझा हिस्सा भाऊ विकत घेतो आहे. आपल्याकडे बहिणी हक्क सोडतात; मी मागितला. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, म्हणून मध्ये माणूस घालावा लागला. हाही तुमच्यासारखा दारव्ह्याच्या बैलबाजारातला दलाल, आता वावरांचे सौदेही करतो. बसमधून येताना मला वावराची काळजी नव्हती. सौद्यानंतर या घरात माझं येणंजाणं राहील का, एवढंच मनात होतं.

बोटं तुम्ही मला स्वयंपाकघरात शिकवलीत. आई चुलीपाशी आहे, तुम्ही बाजारातून आला आहात, अंगाला बैलांचा वास. माझा हात दुपट्ट्याखाली घेऊन तुम्ही पेरूंचा सौदा करता. कोणतं बोट दाबलं की किती, तळहातावर टिचकी मारली की नकार. आई म्हणते, "पोरीले दलाल करता काय?" तुम्ही म्हणता, "करीन. तुयापेक्षा बरी आयकते." मी पहिल्याच फेरीत टोपलीभर पेरू मागते. तुम्ही रागावत नाही. "पहिला भाव नुसता रामराम असते, पोरी. मंग बोलणं सुरू होते."

बाजारातही तुम्हाला पाहिलं आहे. नेरहून खरेदीला आलेला एक पाहुणा बैलाकडे बघून म्हणतो, "बैल हाय का बकरी?" तुम्ही विकणाऱ्याकडे जाता आणि सांगता, "पाव्हण्याले पसंत हाय, जरा हलका वाटते म्हन्ते." मग याचा हात, मग त्याचा. दोघं शेजारी उभे असतात, पण कोण किती खाली उतरला ते एकमेकांना दिसत नाही, चारचौघांना तर नाहीच. कापड तेवढ्यासाठी असतं, हे मला आता कळतं.

मी सांगितलेला भाव पहिला होता. दलालाने तो तोडत तोडत खाली आणायचा होता. पण तो भावाने सरळ माझ्या तोंडून ऐकला.

"काय मांगते ते देऊन टाका तिले," तो पलीकडून म्हणाला. "मंग इकडं येयाचं काम नाही."

"दादा, थोडं त तोडा. मी कायले बसलो मंग?" दलाल त्याच्याकडे जाऊन म्हणाला.

"बहिणीसंग भाव नाही करत मी."

दलाल माझ्या खोलीत आला. घसा साफ केला. "दादा म्हन्ते, बहिणीचा शब्द खाली नाही पडू देणार." मी सगळं ऐकलं आहे हे त्याला माहीत होतं. मी मान हलवली. अशा वेळी मान हलवायची असते. वाईट वाटायला हवं होतं. मी पंख्याकडे पाहत होते, तो हळू फिरत होता.

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, म्हणून लिहिता येतं. मला तो भाव नको होता. भावाने अर्धा म्हटला असता तरी मी हो म्हटलं असतं, त्याहून कमीलाही. त्याने फक्त वाद घालायला हवा होता, संध्याकाळपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी निबंधक कार्यालयात सह्या झाल्या. भाऊ सही करून लगेच निघून गेला. दलालाने पिशवीतून एक साडी काढून माझ्या हातात दिली. "दादानं सोता निवडली," तो म्हणाला. मी कालसारखीच मान हलवली, ती घेतली आणि यवतमाळच्या बसमध्ये बसले.