ताऱ्यांच्या मधे काय असतं?

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मी अजून तुमच्याशी भांडते आहे. आज इस्लामपूरला, तुमच्याच कॉलेजात, हार घातलेल्या तुमच्या फोटोशेजारी उभं राहून व्याख्यान दिलं. प्राचार्य म्हणाले, "सरांनीच यांना घडवलं." टाळ्या पडल्या. मला किंचाळावंसं वाटलं.

अकरावीत मी विचारलं होतं, दोन ताऱ्यांच्या मधे काय असतं? "काही नसतं. बस खाली." मी बसले नाही, पुन्हा विचारलं. त्याच आठवड्यात आबा तुम्हाला भेटायला येतात. दुष्काळी माण तालुक्यातून आमची मेंढरं इथल्या ऊस तुटलेल्या रानांत चरायला उतरलेली. खांद्यावर घोंगडं, पायताण दाराबाहेर. पोरगी कशी शिकतेय एवढंच त्यांना विचारायचं असतं. "उलट बोलते. शास्त्र हिला झेपायचं नाही. लग्नाचं बघा." आबा हात जोडतात. "आवं, तुमी म्हंताय तर तसंच आसंल." मी ओरडते, "न्हाई आबा, मला सगळं येतंय!" आणि तुम्ही हसता. कॉलेज सुटलं ते सुटलंच. सांगलीच्या मावशीनं पुढं आबांशी भांडून मला नेलं नसतं, तर आजही मेंढरांमागंच असते.

काही नसतं? सर, ताऱ्यांमधला वायू आत्ता आपल्या सूर्यमालेतून वाहतोय. त्याच्या अणूंवर विद्युतभार नसतो, म्हणून सूर्याचं चुंबकीय क्षेत्र त्यांना अडवू शकत नाही. त्यातले हेलियमचे काही अणू यानावरच्या उपकरणात येऊन आपटतात, आणि त्यावरून आम्ही प्रवाहाची दिशा आणि वेग काढतो. हिवाळ्यात पृथ्वी त्याला सामोरी जाते, तेव्हा तो नीट सापडतो. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं, त्याचा राग नाही. 'मला माहीत नाही' म्हणायला काय जात होतं तुमचं?

व्याख्यानानंतर तुमच्या पत्नीनं, काकूंनी, माझा हात धरला. "सर आसते तर लय खूश झाले आसते बघ."

"काकू, त्यांच्यामुळंच माझं कॉलेज सुटलं होतं."

त्यांनी हात सोडला नाही. "व्हय. आमच्या लेकीचंबी," त्या म्हणाल्या, आणि मागच्या रांगेकडं पाहिलं. तिथं पिकल्या केसांची एक बाई बसली होती. माझं व्याख्यान तिनं मान न हलवता ऐकलं होतं.

हे पत्र कुठंच जाणार नाही. खरं तर ते तिला द्यायला हवं. पण सांगते, ती उठून माझ्याकडं यायला लागली, तेव्हा मी घाईघाईनं गाडीत जाऊन बसले.