चाकामागची वीट

१८ जानेवारी, रविवार

जुन्या गाड्यांच्या क्लबची मीटिंग, अध्यक्ष प्रधानांच्या घरी, नौपाड्यात. प्रदर्शन २२ फेब्रु., कल्याणच्या गेल्या वर्षीच्याच मैदानावर. पहिला तास कुणाची गाडी पुढच्या रांगेत यावर गेला, दुसरा मंडपाच्या झालरीवर. प्रेक्षकांच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं. प्रधान म्हणाले, यंदा प्रेक्षकांची सोय आणि सुरक्षा सिस्टर बघतील. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे काम कुणालाच नको होतं.

हॉस्पिटल सोडून सहा वर्षं झाली, तरी ह्या लोकांसाठी मी सिस्टरच. सुलभा म्हणून कोणी हाक मारत नाही.

गेल्या वर्षीचा अपघात इतिवृत्तात एका ओळीत: 'लहान मुलीने ब्रेक सोडल्यामुळे किरकोळ प्रसंग.' बघायला आलेल्या सामंतबाईंच्या नडगीची दोन्ही हाडं मोडली होती. मीच पुठ्ठा आणि ओढणीने पाय बांधला होता. किरकोळ!

गाडी आमची होती, हे सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही. आमचे हे, वि., मीटिंगभर खाली बघून बसले होते. येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "तू हे काम घ्यायला नको होतंस."

२१ जाने., बुध.

झोप नाही नीट. लिहून टाकते, दुसरीकडे कुठे बोलणार.

मैदानाला उतार आहे. आमच्या बासष्टच्या गाडीचा हँडब्रेक तसा बराय, पण वि. नेहमी मागच्या चाकाला वीट लावतात. त्या दिवशीही लावली होती. माझी बहीण फोटो काढत होती. एवढी चकचकीत गाडी आणि मागे ती मातीची वीट दिसत होती. मी चपलेच्या टोकाने बाजूला सारली. एका मिनिटासाठी. मग कोणीतरी चहाला हाक मारली आणि मी गेले.

नंतर वि.नी एका मुलीला हौसेने स्टिअरिंगवर बसवलं. आर्या, आठ वर्षांची, डोंबिवलीची. तिने काय ओढलं देव जाणे, गाडी मागे सरकली. वीट जागेवर असती तर तिने सगळे दांडे ओढले असते तरी गाडी हलली नसती.

दोष मुलीवर गेला. तिचे वडील तिला सगळ्यांदेखत बोलले, आणि मी पाय बांधत होते. काम हातात होतं, म्हणून गप्प राहिले असं स्वतःला सांगत आले आहे. पाय बांधायला वीस मिनिटं लागली. वर्ष झालं त्याला.

आणि वि.. त्यांना वाटतं, आपण वीट लावायलाच विसरलो. तेव्हापासून गॅस बंद आहे का ते तीनदा बघतात. कुलूप ओढून परत वर येतात. मोठ्या भावाला शेवटी स्मृतिभ्रंश होता, ती भीती मनात बसली आहे. गाडी वर्षभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे. चालवत नाहीत.

मला माहीत आहे. एक वाक्य बोलायचं आहे. बोलत नाही.

२८ जाने., बुध.

मैदान बघायला कल्याणला. वि. नाही आले. मी शीळफाट्यावर पाऊण तास अडकले. जुन्या गाड्या इथूनच येणार. गेल्या वर्षी तिघांची पाणी उकळून बोनेटं वर झाली होती.

मैदानावर एकही झाड नाही. पाण्याचा एक नळ, तोही गेटच्या बाहेर. बायकांच्या शौचालयाला कुलूप, किल्ली कुणाकडे ते वॉचमनला माहीत नाही. ॲम्ब्युलन्स आत येईल कुठून तर त्याच गेटातून, आणि नकाशात तिथे सेल्फी पॉइंट. काढा म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, स्पॉन्सरचा आहे.

मंडप मात्र मोठा. कुणासाठी? गाड्यांसाठी. रंग उडतो म्हणे उन्हाने. माणसांचा रंग उडत नाही बहुतेक.

यादी केली: प्रेक्षकांना सावली, शंभर खुर्च्या, पिण्याचं पाणी चार ठिकाणी, शौचालय, गेट मोकळं, आग विझवायची नळकांडी (पेट्रोलच्या टाकीत डोकावताना सिगरेट ओढणारे मी स्वतः पाहिले आहेत), गाडी आणि माणसं यांच्यात दोरी. सर्वांत वर: प्रत्येक गाडीच्या चाकाला ठोकळा. दिवसभर. काढायचा नाही.

३ फेब्रु., मंगळ.

कल्याणच्या सुताराकडून ऐंशी लाकडी ठोकळे. पिवळे रंगवून घेतले, लांबून दिसावेत म्हणून. तेच नडलं. व्हॉट्सॲपवर सकाळपासून रडगाणं. मरून रंगाच्या गाडीला पिवळा शोभत नाही. फोटोत घाण दिसेल. एकाने लिहिलं, माझा ब्रेक उत्तम आहे, हा माझा अपमान आहे. हँडब्रेक धरत नाही हे कबूल करणं ह्या पुरुषांना बीपीची गोळी कबूल करण्यापेक्षा अवघड जातं.

कोलशेतचे परेरा अंकल तेवढे बाजूने बोलले. त्यांच्या जीपला शेतातला धोंडा लावतात, वडिलांच्या वेळेपासून. ठोकळा नको म्हणाले, धोंडा आणतो. म्हटलं, आणा. धोंडा तर धोंडा.

८ फेब्रु., रवि.

मीटिंग. माझ्या यादीचं काय झालं: खुर्च्या शंभरऐवजी तीस, त्यातल्या वीस पाहुण्यांना. पाणी दोन ठिकाणी. सावली 'बघू'. ठोकळे मंजूर, कारण आणूनच ठेवलेत.

सुरक्षेसाठी कमिटीने स्वतःहून काय केलं? बोर्ड. चाळीस बोर्ड. 'गाड्यांना हात लावू नये.' 'मुलांना आवरावे.' 'मुलांनी काही केल्यास पालक जबाबदार.' शेवटचा वाचून दाखवताना प्रधान माझ्याकडे बघून म्हणाले, गेल्या वर्षीसारखं नको व्हायला, काय सिस्टर?

मी म्हटलं, गाडी मुलांमुळे सरकत नाही, चाकामागे काही नसलं की सरकते. तेव्हा वि. उठून पाणी प्यायला आत गेले. त्यांना वाटलं मी त्यांना बोलले. बायको चारचौघांत आपली चूक काढते असं वाटलं असणार. आणि मी तशीच बसून राहिले, पुढचा मुद्दा शौचालयाचा होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान. पुढचं लिहीत नाही.

१५ फेब्रु., रवि. महाशिवरात्र

साबुदाण्याची खिचडी डब्यात घेऊन सामंतबाईंकडे, डोंबिवली पूर्व. वर्षभरात दुसऱ्यांदा. रिटायर्ड शिक्षिका, एकट्या राहतात. काठी लागते अजून, जिना चढताना रेलिंगला धरून थांबतात. माझं कौतुक करतात, सिस्टर तुम्ही पाय वाचवलात. मी डबा उघडून खिचडी वाढली.

विचारलं, बाई, त्या दिवशी गाडीच्या मागे कशाला उभ्या होतात?

म्हणाल्या, "अहो, तेवढीच सावली होती. गाडी आणि रेलिंग यांच्यामध्ये. आम्ही चारपाच जणी तिथेच उभ्या होतो, आळीपाळीने."

हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

जाता जाता म्हणाल्या, त्या मुलीची आई दर महिन्याला फोन करून माफी मागते, मला कसंतरी होतं. मुलगी आता रिक्षातसुद्धा पुढे बसत नाही म्हणे.

परत येताना वि.ना सगळं सांगायचं ठरवलं. घरी आले तर ते दारातच उभे. गॅलरीच्या दाराला कडी मी घातली होती की त्यांनी, एवढंच विचारत होते. मीच घातली होती, असं सांगितलं. बाकीचं राहिलं.

१६ फेब्रु., सोम.

प्रधानांना फोन. सावलीशिवाय मी काम करणार नाही, सरळ सांगितलं. कारण सांगितलं, सामंतबाईंचं. मग मंडपवाल्याशी बोलतो म्हणाले. गाड्यांच्या मंडपातला एक भाग प्रेक्षकांना. सहा गाड्या उन्हात जाणार. सहा मालक आता माझ्याशी बोलत नाहीत. बरंय, कटकट कमी.

शौचालयाची किल्ली सापडली. वॉचमनच्याच खिशात होती.

२१ फेब्रु., शनि.

दिवसभर मैदानावर. दोऱ्या बांधल्या. सेल्फी पॉइंट गेटातून हलवला, स्पॉन्सरच्या माणसाशी मीच भांडले, तो बिचारा लगेच तयार झाला. महिनाभर सेक्रेटरींनी त्याला विचारलंच नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत होते मी, आणि घडा सरळ करायला एक फोन पुरला असता.

वि. उद्या येणार आहेत, गाडीशिवाय. नोंदणीच्या टेबलावर बसतो म्हणाले. चांगलं वाटलं. भीतीही वाटली.

२२ फेब्रु., रवि.

घरी आले. पाय सुजलेत. जमेल तसं लिहिते.

सकाळी सगळं ठीक होतं. गर्दी चांगली. प्रेक्षकांच्या मंडपात म्हाताऱ्या माणसांनी खुर्च्या सोडल्या नाहीत, त्याबद्दल तक्रार आली, मला आनंद झाला. एका बाईला चक्कर आली, दोन मिनिटांत सावलीत आणि पाणी. गेल्या वर्षी असं नव्हतं.

अकराला फेरी मारली तर अठरा गाड्यांचे ठोकळे गायब. कुणी सीटखाली टाकले, कुणी डिकीत. "सिस्टर, फोटोपुरते." प्रत्येकाचं हेच. मी ओणवं होऊन परत लावत गेले. कंबर गेली. धोंडा तेवढा जागेवर होता, परेरा अंकल त्यावरच पाय ठेवून उभे होते.

बाराच्या सुमारास प्रधानांच्या गाडीपाशी आले. त्यांची सून रिया, साडी नेसून, फोटोला उभी. मी बघत असतानाच तिने सँडलच्या टोकाने ठोकळा बाजूला सारला. अगदी तसाच. गाडीमागे, उताराच्या बाजूला, दोरी ओलांडून दोन मुलं.

मी ओरडले. इतकं ओरडायची गरज नव्हती. मुलांना ओढून बाजूला केलं, ठोकळा लावला, आणि तिला काय काय बोलले. ती रडवेली झाली. म्हणाली, "काकू, एका मिनिटासाठी काढला फक्त."

आणि माझ्या तोंडून गेलं, "मीही एका मिनिटासाठीच काढली होती वीट. त्या मुलीने काही केलं नव्हतं."

प्रधान तिथेच होते. सेक्रेटरी होते. आणि वि. पाण्याचा जार घेऊन दोन पावलांवर. मला माहीत नव्हतं ते मागे आहेत. माहीत असतं तर बोलले असते का, तेही माहीत नाही.

प्रधान हळूच म्हणाले, सिस्टर, हे आपण नंतर बोलू, पाहुणे आलेत. वि.नी जार टेबलावर ठेवला, नीट, आणि नोंदणीला जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत नावं लिहीत होते. मी ठोकळे बघत फिरत होते. त्यानंतर कोणी काढले नाहीत.

वर्तकनगरला रिक्षातून उतरल्यावर वि. सोसायटीच्या गेटपाशी थांबले आणि म्हणाले,

"म्हणजे मी वीट लावली होती."

"हो."

"मी विसरलो नव्हतो."

"नाही," मी म्हटलं. ते जिना चढायला लागले. मी मागे होते, चेहरा दिसला नाही.

२३ फेब्रु., सोम.

बोलत नाहीत. चहा स्वतःचा स्वतः केला. गॅस एकदाच बघितला. मी मोजत होते, माझी मलाच लाज वाटली.

प्रधानांचा फोन. प्रदर्शन फारच छान झालं, सावलीचं सगळ्यांनी कौतुक केलं, पुढच्या वर्षीही तुम्हीच. मग मुद्द्यावर आले. अहवालात ते कालचं नको. गेल्या वर्षीचं गेलं, आता उकरून काय मिळणार, क्लबचं नाव आहे. शिवाय विलासरावांनाही बरं वाटणार नाही, बायकोनेच असं...

म्हटलं, विलासरावांचं मी बघते. तुम्ही इतिवृत्तातली ती ओळ खोडा. मुलीचं तिथे नाव नसलं तरी सगळ्यांना माहीत आहे ती कोण. म्हणाले, इतिवृत्त मंजूर झालेलं आहे, ते बदलता येत नाही. गाड्यांसाठी मंजूर झालेला मंडप ज्यांनी एका फोनवर बदलला, ते हे सांगतात.

अहवाल लिहिला. पहिल्याच परिच्छेदात माझं नाव. पाठवला, सगळ्या सभासदांना एकदम. कोणाचंही उत्तर नाही. परेरा अंकलचा फक्त एक फोन, म्हणाले, "बाय, बरं केलंस, पण उशीर केलास." एवढं म्हणून ठेवला.

२५ फेब्रु., बुध.

दुपारी जेवताना वि. बोलले. आवाज चढवला नाही. चढवला असता तर सोपं गेलं असतं.

"डॉक्टरकडे गेलो होतो मी, ऑगस्टमध्ये. तुला न सांगता. मेंदूची तपासणी करायला. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं कागदावर. मी घड्याळ काढत होतो, सुलभा."

मला हे माहीत नव्हतं. माफ करा म्हटलं, ते ताटात पडल्यासारखं झालं. त्यांनी भात संपवला आणि हात धुतले.

चारला सामंतबाईंकडून नंबर घेऊन आर्याच्या आईला फोन केला. फोनवरच सगळं सांगितलं, मध्ये थांबले असते तर पुन्हा राहिलं असतं. रागावली असेल तर तो तिचा हक्क. मग म्हणाली, हे मी सांगून तिला पटणार नाही. तुम्ही येऊन तिला सांगा. रविवारी या.

आणि म्हणाली, "साहेबांनाही आणा. ती त्यांच्याबद्दल विचारते, काका रागावलेत का माझ्यावर. पण गाडी नका आणू."

वि.ना जाऊन सांगितलं, शब्दाला शब्द. ते खिडकीपाशी उभे होते. ऐकलं. मग विचारलं, किती वर्षांची झाली ती आता.

नऊ, म्हटलं.

येतो म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत.