चौकटीत काहीच नाही

सर, शुक्रवारी आमच्याकडे जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. पहिला भाग कांद्यातून डीएनए वेगळा करण्याचा, दुसरा परिसंस्थेचा. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. परिसंस्थेला तुम्ही साताऱ्यात घ्यायचात तोच प्रयोग मी इथे सांगलीत घेतो. मीटरभराची तारेची चौकट न बघता मैदानात तीनदा फेकायची आणि आतली झाडं मोजायची. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, पण माझी वही फाडलीत तो दिवस आठवतो. आकडे मी जुन्या वहीतून उतरवले होते. "मोजलंस का रं, का नुसतंच लिवलंस?" एवढंच विचारलंत आणि जेवणाचा डबा तसाच ठेवून माझ्याबरोबर उन्हात उकिडवे बसलात. आपण मोजतोय. हरळी, लव्हाळा, लाजाळू. एका रोपावरून वाद होतो आणि तुम्ही हरता, खुशीत.

शुक्रवारी कवठे महांकाळकडची एक मुलगी होती. डीएनएचे पांढरे धागे तिने काचेच्या काडीवर नीट गुंडाळून दाखवले. मग तिचा तक्ता आला. तीन फेकी, तिन्हींत शून्य.

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, वाळवंटात गेली होतीस का?"

"सर, मैदानात सिमेंटचं ब्लॉक बसवल्यात. चौकट पडली तिथं काडी न्हाई गवताची. मग काय लिवू?"

"शेजारणीला बऱ्या पाच जाती दिसल्या!"

"तिला दिसल्या कुठं? तिला पाठ हायत."

सगळे हसले, परीक्षकही. हसत हसतच त्यांनी त्या भागाला शून्य दिलं. खाली उतरून कोणी बघितलं नाही. गुणपत्रकावर अंतर्गत परीक्षक म्हणून माझी सही लागते. त्यांना एसटी गाठायची होती, चार बॅच घेऊन माझे पाय भरून आले होते. मी सही केली. ती जिन्यात थांबली होती. "सर, माझं चुकलं का? वर्ष जाईल माझं." मी "बघू" म्हणालो आणि उतरलो.

तिचं काही चुकलं नव्हतं. ब्लॉक दिवाळीच्या सुट्टीत बसले. प्रश्न मीच काढतो. गेल्या वर्षीचाच घेतला, वरची तारीख बदलली. त्या ब्लॉकवर मी रोज गाडी लावतो.

आज रविवार. गुणांचा लिफाफा माझ्या कपाटात आहे, उद्या विद्यापीठात जाईल. बदल करायचा तर दोघांची संमती हवी, म्हणजे त्या परीक्षकांना सांगावं लागेल की मी जागा न बघता प्रश्न काढला. सकाळपासून दोनदा त्यांचा नंबर काढला आणि फोन ठेवून दिला. मग तुम्हाला लिहायला बसलो. तुम्ही आता उलट काही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं गेलं, सर.